फोन मुलीचा बंद करायचा की घराचा?

कराडहून एका आईचं पत्र आलं आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. मुलगी पंधरा वर्षांची, दहावीत. धाकटा मुलगा सातवीत. मुलगी नववीपर्यंत शाळेच्या खो-खो संघात होती, दहावीचं वर्ष म्हणून खेळ बंद केला आणि क्लासच्या नोट्स, व्हिडिओ यांसाठी तिला स्वतःचा फोन घेऊन दिला. आता ती रात्री एक-दीडपर्यंत पांघरुणात रील बघत असते. सकाळच्या शाळेला अक्षरशः ओढून उठवावं लागतं. सहामाहीत गणित आणि विज्ञानाचे गुण घसरले. आरशासमोर उभी राहून "मी किती जाड दिसते" म्हणते, ताटातलं अर्धं टाकते. मागच्या महिन्यात वडिलांनी तिचे मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले आणि फोन कपाटात कुलूपबंद केला. चार दिवस ती कोणाशी बोलली नाही. एकदा म्हणाली, "मग जगायचं तरी कशाला?" शेवटी फोन परत दिला. वडील म्हणतात, ऑस्ट्रेलियाने सोळाच्या आतल्या मुलांना बंदीच घातली, आपण का घाबरायचं? आईचं माहेर कडेगाव तालुक्यात. तिथे जवळच्या गावात संध्याकाळी भोंगा वाजवून मोबाइल बंद करतात, हे तिला माहीत आहे. तिचे प्रश्न असे: बोर्डाच्या परीक्षेपर्यंत फोन पूर्ण काढून घ्यावा का? घरातही भोंग्यासारखं काही करता येईल का? मुलीच्या नकळत फोन तपासत राहावं का? आणि हे सगळं नाटक आहे की व्यसन?

ताई,

तुमच्या प्रश्नांवर येतेच, पण आधी एका वाक्यावर थांबायला हवं. "मग जगायचं तरी कशाला?" हे ती फोन परत मिळवण्यासाठी बोलली असं तुम्हाला वाटतं, आणि पुढच्याच ओळीत तुम्ही गुणपत्रिकेवर गेलात. असेलही तसं. पण पंधराव्या वर्षी राग आणि दुःख असे एकमेकांत मिसळलेले असतात की तिला स्वतःलाही ते वेगळे काढता येणार नाहीत. त्यामुळे ते नाटक होतं की नाही, याचा निवाडा तुम्ही-आम्ही परस्पर करायला नको. तिलाच विचारा. आज किंवा उद्या, घरात दुसरं कोणी नसताना, तिच्याजवळ बसा आणि सरळ विचारा: "त्या दिवशी तू जगायचं कशाला म्हणालीस. तसं खरंच मनात येतं का गं? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती बहुतेक आईवडिलांना असते. ती निराधार आहे. मनात तसं काही असेल तर कोणीतरी विचारल्याने मुलांना सुटल्यासारखं वाटतं, आणि नसेल तर आईने आपलं बोलणं ऐकलं होतं एवढं तरी तिला कळतं. उत्तर काहीही आलं तरी लगेच समजूत घालू नका, तुम्ही किती कष्ट करता ते सांगू नका. ऐका.

ती हो म्हणाली, किंवा नुसती गप्प राहून रडली, तर परीक्षा, क्लास, फोन सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येतं. तिने बोलायला हवं असंही नाही, तुम्ही आई म्हणून फोन करू शकता. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, गावात खासगी मानसोपचारतज्ज्ञ असतील. तिला एकटं सोडू नका. घरातली औषधं, शेतीची फवारणीची बाटली असेल तर तीही, तिच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आणि ती नाही म्हणाली तरीही तिचं जेवण टाकणं आणि 'जाड दिसते' हे डॉक्टरांच्या कानावर घालाच. हे फोनपेक्षा आधीचं काम आहे, म्हणून आधी लिहिलं.

आता दुसरं वाक्य, तेही तुम्ही जाता जाता लिहिलेलं. खो-खो बंद केला.

तुमच्या मुलीचा दिवस मी कागदावर मांडून पाहिला. सकाळी शाळा, दुपारी जेवून क्लास, संध्याकाळी घरी. धाकटा भाऊ मैदानावरून साडेसातला येतो असं तुम्ही लिहिता, पण तिने दिवेलागणीनंतर बाहेर असू नये हा घराचा नियम आहे. मैदान गेलं, संघातल्या मुली गेल्या, त्यांच्याबरोबर स्पर्धेला जाणं, एसटीत गाणी म्हणणं, हरल्यावर एकत्र रडणं गेलं. त्याच महिन्यात हातात फोन आला. मग मला सांगा, तिच्या मैत्रिणी तिला भेटणार कुठे? आपल्याकडे मुलांना कट्टा असतो, पानटपरी असते, मैदान असतं. वयात आलेल्या मुलीला यातलं फार थोडं मिळतं. तिचा कट्टा त्या फोनमध्ये आहे. तुम्ही तिचा स्क्रीन टाइम मोजता तेव्हा त्यातले किती तास करमणुकीचे आणि किती नुसते मैत्रिणींपाशी असण्याचे, हे वेगळं करून पाहिलंत का?

यावरून फोन निरुपद्रवी आहे असं मी म्हणत नाही. पण फोनमुळे मुलगी उदास झाली, हे तुम्ही गृहीत धरलंय. आधी ती एकटी पडली आणि मग फोनकडे वळली, असंही घडलेलं असू शकतं. बहुधा दोन्ही एकमेकांना खतपाणी घालत असतील. अभ्यासकांचंही यावर एकमत नाही. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या दोन संशोधकांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. मुलामुलांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के एवढाच फरक त्यांना डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता आला. दुसरीकडे २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर, विवेक मूर्ती यांनी इशारा दिला की दिवसाला तीन तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट दिसतो. मला दोन्ही खरं वाटतं. सगळ्या मुलांची सरासरी काढली तर परिणाम छोटा दिसतो. एखादी मुलगी आधीच एकटी असेल, तिची झोप गेली असेल आणि तिच्यापुढे सतत बारीक कमरेच्या मुलींचे व्हिडिओ येत असतील, तर तिच्यापुरता तो छोटा राहत नाही. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या फेसबुकच्या माजी कर्मचारी महिलेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. याच कंपनीच्या इन्स्टाग्रामविषयीच्या त्यातल्या एका सादरीकरणात कंपनीच्याच संशोधकांनी लिहून ठेवलं होतं की दर तीनपैकी एका किशोरवयीन मुलीच्या मनात आपल्या शरीराविषयी जी खंत असते, ती आपण आणखी वाढवतो. तुमच्या आरशासमोरच्या मुलीबद्दल वाचताना मला हेच आठवलं.

म्हणून तासांच्या आधी तिच्या पडद्यावर काय येतं ते बघा. चोरून नको, तिच्या शेजारी बसून. "तुला काय दाखवतं हे इन्स्टाग्राम? मलाही दाखव ना," एवढं म्हणा आणि पंधरा मिनिटं तोंडातून टीकेचा शब्द काढू नका. विनोदी रील असतील, मेहंदीचे असतील, वजन घटवण्याचे असतील. नको असलेल्या रीलवर 'नॉट इंटरेस्टेड' दाबत गेलं की तसं येणं बरंच कमी होतं, आणि ज्या अकाउंटमुळे स्वतःची लाज वाटते ते अनफॉलो करता येतं. हे तिने स्वतःच्या बोटाने केलं तर त्याला अर्थ आहे. आणखी एक गोष्ट तिच्यासोबत तपासा: अकाउंट उघडताना तिने जन्मसाल कोणतं टाकलंय? अठरा पूर्ण झाल्याचं टाकलं असेल तर मोठ्या माणसांसारखंच सगळं खुलं असतं. खरं वय टाकलं तर इन्स्टाग्रामचं किशोरांसाठीचं 'टीन अकाउंट' लागू होतं. त्यात अकाउंट आपोआप खासगी राहतं, दिवसात ६० मिनिटं झाली की आठवण येते, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद राहतात आणि सोळाच्या आतल्या मुलांना हे नियम सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. ही कंपनीची मेहेरबानी पुरेशी आहे असं मला वाटत नाही, पण आहे ते वापरावं.

तुम्ही 'व्यसन' म्हणता. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत गेमिंगच्या विकाराला जागा दिली आहे. त्यातही ताबा सुटणं, बाकी सगळ्यावर गेमने मात करणं आणि नुकसान दिसत असूनही न थांबणं हे साधारण वर्षभर टिकलं, तरच ते निदान होतं. रील बघण्याचं तसं वेगळं निदान त्या यादीत नाही. तुमच्या पत्रातली मुलगी शाळेत जाते, क्लासला जाते, फोन नसताना चार दिवस रुसली पण पाचव्या दिवशी तुमच्याशी बोलली. मला ती व्यसनी वाटत नाही. थकलेली वाटते. आणि घरात दिवसभर 'व्यसनी' ऐकलं की मूल तसंच वागायला लागतं, तेव्हा तो शब्द भांडणातही वापरू नका.

थकलेली यासाठी म्हणते, की तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वांत काळजीची वाटली ती तिची झोप. तेरा ते अठरा वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते. तुमची मुलगी दीडला झोपून सहाला उठत असेल तर साडेचार तास होतात. एवढ्या झोपेवर कोणाचंही गणित घसरेल, कोणीही चिडेल, कोणालाही आरशात स्वतःचं वाईटच दिसेल. त्यात या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन मोठ्या माणसांपेक्षा उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे दहाला दिवा घालवला तरी तिला लगेच झोप येत नाही. तो आळस नव्हे, वय आहे. आपल्या राज्यात २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा शासन निर्णय झाला. लहानग्यांसाठी चांगलंच झालं, पण पहाटेची शाळा ज्यांना शरीरानेच सर्वांत जड जाते त्या आठवी-नववी-दहावीच्या मुलांचा विचार त्यात राहूनच गेला. असो. शाळेची वेळ तुमच्या हाती नाही, फोनची जागा आहे.

झोप न येणारी ती पहिली पाऊण तास-तासाची वेळ फोन खातो. तो खाणारच, त्याची घडणच तशी आहे. बोटाने वर सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही युक्ती २००६ मध्ये अझा रास्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने काढली आणि पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. ज्या पंगतीत वाढपी थांबतच नाही तिथून मोठं माणूसही वेळेवर उठत नाही. मोह आवरायला लावणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. तेव्हा रात्री अकरा वाजता अंधारात तिने स्वतः होऊन फोन ठेवावा, अशी अपेक्षा ठेवणं तिच्यावर अन्याय आहे. तिला मनोनिग्रह नाही म्हणून रागावू नका. फोन खोलीत नसेल तर मनोनिग्रहाची गरजच पडणार नाही.

इथे तुमच्या भोंग्याकडे येऊ, कारण तुमच्या पत्रातली ती सर्वांत चांगली कल्पना आहे. तुम्ही म्हणता ते गाव मोहित्यांचे वडगाव. लोकवस्ती साधारण तीन हजार. करोनाच्या काळात मुलांच्या हाती शाळेसाठी फोन आले आणि शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गाव बसलं. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ठरलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. सुरुवातीला लोक हसले. मग वॉर्डावॉर्डांतून माणसं दारोदार फिरली. या उपक्रमाची बातमी सगळीकडे झाली ती भोंग्यामुळे, पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या बैठकीत बायकांनी स्वतःहून कबूल केलं होतं की आम्हीही मालिका आणि मोबाइल फार बघतो. म्हणजे बंदी मुलांवर नव्हती. आजीची मालिका, वडिलांच्या बातम्या, दादाचं क्रिकेट, सगळंच थांबलं.

हाच भाग तुमच्या घरात अजून झालेला नाही. तुमच्या पत्रात दोन ठिकाणी येतं की साहेब, म्हणजे मुलीचे वडील, जेवताना मोबाइलवर बातम्या ऐकतात आणि तुम्हाला ऑफिसच्या ग्रुपला उत्तरं द्यावी लागतात. मुलीने हे पाहिलेलं आहे. तिचा फोन कपाटात गेला तेव्हा तुमचे दोघांचे हातातच होते. त्यामुळे तिला तो नियम वाटला नाही, शिक्षा वाटली. शिक्षा का? तर ती त्या घरात सर्वांत कमी ताकदीची म्हणून. आणखी एक फरक आहे. गावातले सगळेच फोन एका वेळी बंद होतात, तेव्हा कोणाचंही काही हुकत नाही. एकटीचा बंद झाला तर ग्रुपमध्ये काय बोलणं झालं, कोण कोणावर रुसलं, उद्या कोण कुठे भेटणार, हे फक्त तिलाच कळत नाही. तिच्या वयाला ही वगळलं जाण्याची भीती खरी असते आणि तिची टिंगल करून ती जात नाही.

म्हणून घरात भोंगा लावायचा तर सगळ्यांसाठी लावा. माझ्या मते तुमच्या घरासाठी दोन वेळा पुरे. एक, जेवणाच्या आसपासचा तासभर. दुसरी, रात्री दहानंतर. दहा वाजता घरातले सगळे फोन, तुमच्या साहेबांचाही, हॉलमध्ये एका जागी चार्जिंगला लागतील आणि सकाळपर्यंत तिथेच राहतील. रात्री कोणाचा तातडीचा फोन येईल ही काळजी असेल तर आवाज चालू ठेवा, हॉलमधला फोन ऐकू येतो. ती म्हणेल, अलार्मसाठी हवा. तिला गजराचं साधं घड्याळ आणून द्या, आणि स्वतःसाठीही एक. ती म्हणेल, क्लासचे सर रात्री साडेदहाला नोट्स टाकतात. हे खरं असण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा सरांना फोन करा आणि नोट्स संध्याकाळी आठच्या आत टाकायची विनंती करा. क्लासमधल्या चार आयांनी मिळून सांगितलं तर सर नक्की ऐकतील.

चार आया म्हणाले, ते मुद्दाम. तिच्या जवळच्या तीन-चार मैत्रिणींच्या घरी बोला. त्यांच्याही घरात हीच रडकथा असणार. सगळ्यांनी मिळून दहाची वेळ ठरवली, तर ग्रुपच दहाला शांत होतो आणि कोणालाही मागे राहिल्यासारखं वाटत नाही. वडगावाने तीन हजार लोकांत जे केलं ते चार घरांत करणं तुलनेने सोपं आहे. एक पथ्य मात्र पाळा: तुम्ही आयांशी बोलणार आहात हे मुलीला आधी सांगा, आणि बोलताना तिची तक्रार करू नका.

हे ठरवताना तिला बैठकीत घ्या. "आम्ही असं ठरवलंय" म्हणू नका. तुमची काळजी सांगा, झोपेचे आकडे सांगा, आणि वेळ कोणती ते तिला सुचवू द्या. ती साडेदहा म्हणाली तर साडेदहा घ्या. आणि नियम कोण मोडतंय ते तिलाही बोट दाखवून सांगता यायला हवं. साहेबांना तिने सांगितलं, "बाबा, तुमचा फोन इथे ठेवा," आणि त्यांनी निमूट ठेवला, तर त्या एका प्रसंगाने जे होईल ते माझ्या या सगळ्या पत्राने होणार नाही.

साहेबांशी बोलताना ऑस्ट्रेलियाचा मुद्दा निघेल. तो कायदा नोव्हेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि १० डिसेंबर २०२५ पासून लागू आहे, हे खरं. पण त्यात दंड कोणाला आहे ते त्यांना जरूर सांगा. सोळाच्या आतल्या मुलांची अकाउंट रोखली नाहीत तर कंपन्यांना ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना शिक्षा नाही, आईवडिलांनाही नाही. एवढा कडक कायदा करणाऱ्या देशानेही मुलांना गुन्हेगार मानलं नाही. मेसेज मोठ्याने वाचून दाखवणं ही मात्र शिक्षाच होती, आणि जाहीर होती. त्याबद्दल वडिलांनी तिची माफी मागायला हवी. हे त्यांना जड जाईल, मला माहीत आहे. लांबलचक बोलायची गरज नाही. "मी तुझे मेसेज सगळ्यांसमोर वाचायला नको होते, पुन्हा असं करणार नाही," एवढं वाक्य आणि त्याच्यापुढे 'पण' न लावणं, पुरे.

यातच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. नकळत फोन तपासू नका. मुलांना ते कळतंच, मग दुसरं अकाउंट निघतं, पासवर्ड बदलतो आणि खरंच काही वाईट घडलं तर सांगायला येण्याची वाट बंद होते. तुम्हाला भीती आहे ती अनोळखी माणसांची, फोटो मागणाऱ्यांची, धमक्यांची. ती रास्त आहे. म्हणूनच तिला आजच सांगून ठेवा की असं कधी झालं, चूक तिची असली तरी, तुम्ही फोन काढून घेणार नाही आणि ओरडणार नाही, आधी मदत कराल. अनेक मुली ब्लॅकमेल सहन करत राहतात त्यामागे फोन जाण्याचीच भीती असते. तशी वेळ आलीच तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा आणि चाइल्ड हेल्पलाइन १०९८ किंवा पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. आणि तिच्या जिवाला धोका आहे असं ठोस काही दिसलं तर फोन जरूर बघा, पण तिला सांगून.

आता परीक्षेपर्यंत फोन पूर्ण बंद करावा का. माझं मत नाही असं आहे. चार दिवसांच्या बंदीत काय झालं ते तुम्ही पाहिलंत, अडीच महिने म्हणजे त्याचीच मोठी आवृत्ती. शिवाय क्लास त्याच फोनवर चालतो. पण अभ्यासाच्या वेळी तो टेबलावर असू नये, यात तडजोड नको. नुसता पालथा ठेवलेला फोनही लक्ष खेचत राहतो. पन्नास मिनिटं फोन बाहेरच्या खोलीत, मग दहा मिनिटं तिच्या हातात, असं चालू द्या. फोनच्या 'डिजिटल वेलबीइंग'मध्ये रीलच्या ॲपला दिवसाची मर्यादा घालता येते. ती किती असावी हे तिने ठरवावं. पहिले काही दिवस ती मोडेल. त्यावरून घर डोक्यावर घेऊ नका, रविवारी शांतपणे आकडा बघून पुन्हा ठरवा. सगळ्यांचेच आकडे बघा, तुमचेही.

फोन कमी झाल्यावर त्या वेळेत काय येणार, याचं उत्तर तुम्ही तयार ठेवलं नाही तर वरचं सगळं पंधरा दिवसांत कोसळेल. मोकळ्या झालेल्या वेळेत आणखी अभ्यास कोंबू नका. तिला खो-खोच्या सरावाला परत पाठवा, आठवड्यातून दोन संध्याकाळी का होईना. दहावीच्या वर्षात खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असं घराघरांत मानलं जातं आणि त्यात सर्वाधिक मैदानं मुलींची जातात. पळून, दमून, घामाघूम होऊन आलेल्या मुलीला रात्री साडेदहाला झोप लागते. शरीर धावतं, उडी मारून खांब गाठतं, गडी बाद करतं, हे ज्या मुलीला रोज जाणवतं तिच्या मनात ते शरीर फक्त आरशात बघण्याची वस्तू राहत नाही. परतीला अंधार होतो ही अडचण असेल तर तुम्ही किंवा साहेब आणायला जा, किंवा संघातल्या मुलींच्या घरांनी पाळी लावून घ्या. भावाला साडेसातपर्यंत बाहेर राहता येतं आणि तिला नाही, हे तिला दिसतं, आणि त्याचा राग ती फोनच्या भांडणात काढत असणं अगदी शक्य आहे. सरावाच्या नसलेल्या एखाद्या संध्याकाळी तुम्ही दोघी प्रीतिसंगमावर चक्कर मारून या. तिथे अभ्यासाचं काहीही विचारू नका. ती बोलली तर बोलली.

दोन-तीन आठवडे हे मनापासून करून पाहा. झोप सुधारली की चिडचिड आणि जेवण यांत फरक दिसायला हवा. झोप पुरेशी होऊनही ती उदास राहिली, मैत्रिणींनाही टाळू लागली, जेवण टाकतच राहिली, हातावर ओरखडे दिसले किंवा पुन्हा जगण्याबद्दल तसं बोलली, तर परीक्षा जवळ आहे म्हणून थांबू नका. बोर्डाची परीक्षा जून-जुलैमध्ये पुन्हा देता येते. तिला डॉक्टरांकडे न्या आणि नातेवाइकांना काय सांगायचं याची चिंता करू नका, सांगायची गरजच नाही.

आणि एक तयारी आतापासून ठेवा. शेवटचा पेपर झाला की अकरावीचा प्रवेश होईपर्यंत काही महिने तिला शाळा नसेल, क्लास नसेल, सकाळी उठायचं कारण नसेल. दहावीच्या मुलांचा फोन खऱ्या अर्थाने त्या सुटीत हाताबाहेर जातो, कारण तोपर्यंत आईवडील दमून ढिले पडलेले असतात. उन्हाळी खो-खो शिबिर असेल तर चौकशी आत्ताच करा, माहेरी पंधरा दिवस पाठवायचं असेल तर आत्ताच ठरवा, तिला स्वयंपाक, सायकल, पोहणं, शिवण, जे काही शिकायचं असेल ते तिलाच विचारून ठेवा. दहाची वेळ सुटीत अकरा करायला हरकत नाही. फोन मात्र हॉलमध्येच, सगळ्यांचे.